रोग न होणारं डुक्कर आणि सिन्नरचं शेड : एक प्रकरण अभ्यास

परिस्थिती

सिन्नर तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून आत, एक वराहपालनाचं शेड आहे. चाळीसेक माद्या, मोजके नर, बाकी वाढीची पिल्लं. बहुतेक लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि तिचे संकर. मालकांना सगळे तात्या म्हणतात, मीही म्हणतो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही किरकोळ तपशील इथे गाळले आहेत. खाद्याचा मोठा वाटा नाशिक शहरातल्या आणि हायवेवरच्या हॉटेलांचं खरकटं. वर मका, गव्हाचा कोंडा, परवडली तर पेंड. मी या शेडला सल्ला देणारा पशुवैद्य.

२०२५ च्या पावसाळ्याआधी तात्यांच्या हातात थोडे पैसे आले. ते कशावर घालायचे, एवढाच प्रश्न होता. माझा आग्रह तीन गोष्टींचा : शेडभोवती कुंपण, विकत आणलेल्या जनावरांना महिनाभर वेगळं ठेवायची जागा आणि खरकटं उकळून घालण्याची सोय. तात्या ऐकून घेत होते, पण मनात दुसरंच होतं. कृषी पदवी करणाऱ्या पुतण्याने त्यांना मोबाइलवर एक बातमी दाखवली होती. ३० एप्रिल २०२५ ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनुक-संपादित डुकराला मंजुरी दिली. या डुकराला एक जीवघेणा विषाणूजन्य रोग होत नाही, असा बातमीचा गाभा.

"डॉक्टर, तुम्ही कुंपण सांगता, भट्टी सांगता. त्यापेक्षा हीच जात आणली तर? पोरगा म्हणतो, विषाणू अंगात शिरतच नाही."

पुतण्याने भर घातली, "सर, विषाणूला पेशीत जायला जे कुलूप लागतं, तेच त्यांनी काढून टाकलंय. मग आफ्रिकन स्वाइन फिव्हर आला तरी काय फरक पडतो?"

बातमी खरी होती. मंजूर झालेलं डुक्कर पीआरआरएस नावाच्या, डुकरांच्या प्रजननावर आणि श्वसनावर घाला घालणाऱ्या रोगाविरुद्धचं आहे, हेही बातमीत होतं, फक्त वाचताना निसटलं होतं. तात्यांची भीती वेगळ्या रोगाची. आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात पहिल्यांदा २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात सापडला. तेव्हापासून वराहपालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर अधूनमधून नव्या राज्याचं नाव येतंच. तो शेडमध्ये शिरला तर जवळजवळ सगळी जनावरं जातात. उरलेली सरकारी नियमाने मारावी लागतात. माणसाला तो होत नाही, पण मालक आयुष्यातून उठतो.

म्हणजे प्रश्न असा होता : एका विषाणूला अडवणाऱ्या डुकरात दुसरा विषाणू अडेल का?

उत्तर 'नाही' असं एका शब्दात देता आलं असतं. पण कारण न सांगता दिलेला नकार चार दिवस टिकतो, पाचव्या दिवशी कुणी एजंट 'प्रतिकारक पिल्लं' घेऊन दारात उभा राहतो. कारण सांगायचं तर डुकराच्या एका पेशीत उतरावं लागतं, आणि तिथली गोष्ट बातमीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे.

दोघांचं घर एकच

दोन्ही विषाणू मुख्यतः एकाच प्रकारच्या पेशीत वाढतात : मॅक्रोफेज. रक्तात फिरणारी मोनोसाइट ही तिची आधीची अवस्था. फुप्फुसाच्या वायुकोशांत, प्लीहेत, यकृतात, लसिकाग्रंथींत मॅक्रोफेज बसलेले असतात आणि धूळ, जिवाणू, मेलेल्या पेशी, जुन्या लाल पेशींचे अवशेष असं सगळं गिळत राहतात. गिळलेलं एका पिशवीत जातं, पिशवीत आम्ल वाढतं, पाचक प्रथिनं सुटतात, आतल्या मालाचे तुकडे होतात. शरीराची पहिली संरक्षणफळी ती हीच.

हीच पेशी विषाणूने का निवडावी? कारण आत जाण्याचं अर्धं काम ती स्वतःच करते. बाकीच्या पेशींना काही आत घ्यायला भाग पाडावं लागतं, मॅक्रोफेजचा तो धंदाच आहे. विषाणूला एवढंच जमावं लागतं की गिळलं गेल्यावर पचायच्या आत पिशवीतून निसटायचं. दोन्ही विषाणूंना ते जमतं, पण दोघांच्या पद्धती अगदी वेगळ्या आहेत, आणि तात्यांच्या पैशांचा निर्णय त्या फरकावर उभा होता.

पीआरआरएसचा विषाणू लहान. व्यास ५० ते ६० नॅनोमीटर, आनुवंशिक द्रव्य आरएनए, लांबी सुमारे १५ हजार अक्षरं. गाभण मादीत उशिरा गर्भपात, मेलेली किंवा अशक्त पिल्लं, वाढत्या पिल्लांत श्वसनाचा त्रास, ही त्याची ओळख. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी हा रोग दिसला तेव्हा कारणच सापडेना, म्हणून त्याला 'गूढ रोग' म्हणत. १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या लेलिस्टाडच्या संस्थेने विषाणू वेगळा काढला. भारतात तो २०१३ मध्ये मिझोराममध्ये आढळला.

आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू त्याच्यापुढे राक्षस म्हणावा असा. सुमारे २०० नॅनोमीटर, डीएनएचा, १ लाख ७० हजारांहून जास्त अक्षरांचा. एकावर एक थर : बाहेरचं आवरण, त्याखाली वीस पैलूंचं कवच, त्याखाली आतलं पटल, मग गाभ्याचं वेष्टन, मग डीएनए. केनियातून १९२१ मध्ये त्याचं पहिलं वर्णन आलं. २००७ मध्ये तो जॉर्जियात पोचला, २०१८ मध्ये चीनमध्ये, तिथून आशियाभर.

दहा वर्षं ज्याच्यावर संशय होता ते प्रथिन

पीआरआरएस विषाणू मॅक्रोफेजला नेमका कुठे धरतो, याचा शोध प्रामुख्याने बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठात लागला, निदान तेव्हा तसं वाटलं. मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर सिअ‍ॅलोअ‍ॅढेसिन नावाचं प्रथिन असतं. सिअ‍ॅलिक आम्ल या साखरेला धरणं हे त्याचं काम. विषाणूच्या आवरणावर जीपी५ आणि एम ही प्रथिनांची जोडी असते आणि जीपी५ वर ही साखर लटकलेली असते. यातली गंमत अशी की विषाणू डुकराच्या पेशीत तयार होतो, म्हणून त्याच्या अंगावरची साखरही डुकराचीच. मॅक्रोफेज जी साखर ओळखून धरतो, तीच पांघरून विषाणू येतो.

२००३ मध्ये घेंटच्या गटाने एक प्रयोग केला. डुकराच्या मूत्रपिंडाच्या ज्या पेशींना हा विषाणू एरवी होत नाही, त्यांच्यात सिअ‍ॅलोअ‍ॅढेसिनचं जनुक घातलं. विषाणू त्या पेशींना चिकटला. आतही घेतला गेला. पण पुढे काहीच झालं नाही. पिशवीत अडकून राहिला, आरएनए बाहेर पडलं नाही, नवे विषाणू तयार झाले नाहीत.

पुतण्याला हे सांगताना मी इथे मुद्दाम थांबलो, कारण बारावीच्या पुस्तकापासून आपल्या डोक्यात बसलेलं कुलूप-किल्लीचं चित्र इथेच फसतं. किल्ली बसली, दार उघडलं, चोर घरात, असं ते चित्र. परीक्षेला ते पुरतं. पण पेशीत शिरणं ही एकच घटना नाही. पृष्ठभागाला चिकटणं वेगळं, आत ओढलं जाणं वेगळं आणि पिशवीच्या भिंतीतून आपलं आनुवंशिक द्रव्य पेशीच्या रसात सोडणं तिसरं. पहिल्या दोन पायऱ्या चढलेला विषाणू तिसऱ्या पायरीवर मरू शकतो. मॅक्रोफेज रोज असे असंख्य पाहुणे पचवतोच.

संशय घ्यायला आणखी एक जागा होती. हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवायला, लसीसाठीसुद्धा, माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या मार्क-१४५ नावाच्या पेशी सर्रास वापरतात. त्या पेशींवर सिअ‍ॅलोअ‍ॅढेसिन नसतंच. तरी विषाणू मजेत वाढतो. मग ते प्रथिन अत्यावश्यक कसं?

निकाल २०१३ मध्ये लागला. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात सिअ‍ॅलोअ‍ॅढेसिनचं जनुक निकामी केलेली डुकरं तयार झाली. त्यांना विषाणू टोचला. ती साध्या डुकरांसारखीच बाधित झाली. दहा वर्षं ज्याच्याकडे बोट होतं, ते प्रथिन विषाणूला मदत करत असेलही, पण त्याच्यावाचून विषाणूचं अडत नव्हतं.

तात्यांनी इथे विचारलं, "मग आधीचे प्रयोग खोटे होते का?" मुळीच नाही. बाटलीतल्या पेशींवर जे दिसलं ते खरंच दिसलं होतं. बाटलीत काय शक्य आहे हे कळतं. जनावरात कशावाचून अडतं हे जनावरालाच विचारावं लागतं.

सीडी१६३ : इथे मात्र खरंच अडतं

दरम्यान २००७ मध्ये दुसरं नाव पुढे आलं होतं, सीडी१६३. हेही मॅक्रोफेजवरचंच प्रथिन. लाल पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन रक्तात सांडतं, ते हॅप्टोग्लोबिनशी जोडलं जातं, आणि ही जोडी गोळा करून आत घेणं हे सीडी१६३ चं रोजचं काम. प्रथिन लांबलचक आहे, बाहेरच्या बाजूला नऊ घड्या एकापाठोपाठ एक. ज्या पेशींना पीआरआरएस होत नव्हता त्यांच्यात फक्त सीडी१६३ घातल्यावर विषाणू नुसता शिरला नाही, वाढला आणि बाहेरही पडला. मार्क-१४५ चं कोडंही सुटलं. त्या माकडपेशींकडे सीडी१६३ असतं.

पुढच्या काही वर्षांत चित्र स्पष्ट झालं. विषाणू आधी पृष्ठभागावरच्या साखरी रेणूंना आणि सिअ‍ॅलोअ‍ॅढेसिनला चिकटतो. पेशीचं पटल आत वळतं, क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी त्याला पिशवीचा आकार देते, विषाणू पिशवीत बसून आत जातो. पिशवीतच त्याची सीडी१६३ शी गाठ पडते. विषाणूची जीपी२ आणि जीपी४ ही छोटी, संख्येने कमी असलेली प्रथिनं सीडी१६३ शी जुळतात. मधल्या काळात पिशवीतलं आम्ल वाढलेलं असतं. आवरण सुटतं, आरएनए पेशीच्या रसात येतं आणि तिथून पुढे पेशीचा कारखाना विषाणूसाठी राबू लागतो. सीडी१६३ च्या नऊ घड्यांपैकी या कामाला पाचवी घडी लागते.

२०१६ मध्ये मिसुरी आणि कॅन्सस स्टेट विद्यापीठांच्या गटाने सीडी१६३ नसलेली डुकरं दाखवली. विषाणू टोचल्यावर ताप नाही, फुप्फुसात इजा नाही, रक्तात विषाणू नाही, प्रतिपिंडंसुद्धा (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) नाहीत. प्रतिपिंडंही नसणं महत्त्वाचं. विषाणू आत येऊन हरला असता तर प्रतिपिंडं दिसली असती. इथे त्याला सुरुवातच करता आली नाही. त्यानंतर स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेने, डॉली मेंढी जन्मली त्याच संस्थेने, आणखी नेमकं काम केलं. अख्खं सीडी१६३ घालवण्याऐवजी फक्त पाचवी घडी तयार करणारा जनुकाचा तुकडा कापला. विषाणू अडला आणि हिमोग्लोबिन गोळा करण्याचं काम चालू राहिलं. अमेरिकेत २०२५ ला मंजूर झालेल्या डुकरातही याच तुकड्याची कापणी आहे.

माझ्या मते पशुवैद्यकातलं गेल्या काही दशकांतलं हे सर्वांत नीटस काम आहे. तात्यांना मी तसं सांगितलंही. बातमीत वाखाणण्यासारखं बरंच होतं, फक्त ती त्यांच्या रोगाबद्दल नव्हती.

आणि आफ्रिकन स्वाइन फिव्हर?

पुतण्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. दोन्ही विषाणू मॅक्रोफेजमध्येच शिरतात, मग सीडी१६३ दोघांनाही का लागू नये?

हा तर्क शास्त्रज्ञांनीही केला होता, आणि बिनबुडाचा नव्हता. स्पेनमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की सीडी१६३ जास्त असलेल्या मॅक्रोफेजना आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू सहज बाधतो, आणि सीडी१६३ ला चिकटणारं प्रतिपिंड आधी घातलं तर बाधा घटते. कागदावर प्रकरण मजबूत होतं. मग २०१७ मध्ये कॅन्सस स्टेटच्या गटाने सीडी१६३ नसलेल्या डुकरांना जॉर्जिया २००७ हा वाण टोचला. ताप तोच, रक्तातला विषाणू तितकाच, मरणं तशीच. सीडी१६३ असलेल्या आणि नसलेल्या डुकरांत फरक दिसला नाही.

हा वाण आपल्यासाठी परका नाही. या विषाणूचे जनुकांवरून गट पाडतात, त्यांतल्या जनुकप्रकार दोनमधला तो, आणि २०२० मध्ये ईशान्य भारतात सापडलेला विषाणूही जनुकप्रकार दोनचाच. तात्यांच्या प्रश्नाचं थेट उत्तर या एका प्रयोगात होतं.

"पण मग बाटलीत ते प्रतिपिंड घातल्यावर विषाणू थांबला कसा?" हे पुन्हा तात्याच. मला हा प्रश्न फार आवडला, कारण सिअ‍ॅलोअ‍ॅढेसिनच्या वेळी ऐकलेलं त्यांनी इथे बरोबर लावून पाहिलं होतं. प्रतिपिंड हा मोठा रेणू. तो एका प्रथिनावर बसला की शेजारच्या जागाही झाकल्या जाऊ शकतात. आणि सीडी१६३ जास्त असणं म्हणजे मॅक्रोफेज पूर्ण वाढलेला असणं. विषाणूला वाढलेला मॅक्रोफेज हवा असतो, त्याच्या अंगावर कोणतं प्रथिन आहे हा त्याच्यासोबत येणारा योगायोग असू शकतो. जनुकच काढून टाकलं की असा गोंधळ उरत नाही.

मग हा विषाणू शिरतो कसा? दोन वाटा तरी चांगल्या माहीत आहेत. एक वर सांगितलेली क्लॅथ्रिनची. दुसरी मॅक्रोपिनोसायटोसिसची : पेशीचं पटल लाटांसारखं उसळतं, आजूबाजूच्या द्रवाचा मोठा घोट घेतं आणि त्या घोटात जे सापडेल ते आत जातं. विषाणू पेशीच्या आतल्या संदेशयंत्रणेला चाळवून हे उसळणं वाढवतो. दोन्ही वाटांनी तो पिशवीत पोचतो. तिथे आम्ल वाढतं तसं बाहेरचं आवरण आणि कवच सुटतं, म्हणजे जे आम्ल त्याला मारायला असतं तेच त्याचे कपडे उतरवतं. मग आतलं पटल पिशवीच्या पटलाशी एकजीव होतं आणि गाभा पेशीच्या रसात उतरतो. या शेवटच्या पायरीला विषाणूची स्वतःची आतल्या पटलातली प्रथिनं लागतात, पेशीकडचं कोलेस्टेरॉलही लागतं. डीएनएवरून आरएनए तयार करायला लागणारी बरीच हत्यारं तो सोबतच घेऊन येतो. केंद्रकाशेजारी आपला कारखाना थाटतो.

त्याला एकाच प्रथिनावर अडकवून ठेवता येईल अशी जागा आजवर पक्की सापडलेली नाही. पुतण्याने विचारलं, "मग सगळेच रिसेप्टर, म्हणजे विषाणू धरतो ती पृष्ठभागावरची प्रथिनं, काढून टाकले तर?" घोट घेणं, गिळणं हे कुठल्या एका रिसेप्टरचं काम नाही, तोच मॅक्रोफेजचा जीवनक्रम आहे. तो काढला तर डुक्कर या विषाणूने मरणार नाही, आठवडाभरात साध्या जिवाणूंनी मरेल.

माझ्या एका मित्राने, नाशिकच्या एका महाविद्यालयात तो सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्या दोघांना मोबाइलवर एक जुनं छायाचित्र दाखवलं. मधोमध बाधित मॅक्रोफेज, आणि त्याच्या भोवती लाल पेशी दाटीवाटीने चिकटलेल्या, जणू फुलाच्या पाकळ्या. विषाणू पेशीच्या पृष्ठभागावर आपलं एक प्रथिन आणून ठेवतो आणि त्याला लाल पेशी चिकटतात. १९६० पासून निदानासाठी ही खूण वापरली गेली. तात्यांनी ते चित्र बोटांनी मोठं करून बराच वेळ पाहिलं. अशा पेशींतून ताप वाढवणारी रसायनं सुटतात, रक्तवाहिन्या गळू लागतात, शेजारच्या लिम्फोसाइट पेशी स्वतः बाधित नसतानाही मोठ्या संख्येने मरतात. शेडमध्ये हे दिसतं ते असं : एक्केचाळीस अंशांच्या आसपास ताप, खाणं बंद, कान आणि पोट लालसर-जांभळं, आणि शवविच्छेदनात काळी पडलेली, फुगलेली प्लीहा. साध्या स्वाइन फिव्हरमध्येही बरंचसं असंच दिसतं. म्हणून डोळ्यांनी निदान करायचं नाही. आणि साध्या स्वाइन फिव्हरची लस दिली म्हणून निर्धास्त राहायचं नाही, तो विषाणू पूर्ण वेगळ्या कुळातला आहे.

निळा ड्रम

इथवर आल्यावर तात्यांनी विषय सोडून दिला असता तरी चाललं असतं. पण पैसे अजून खर्च व्हायचे होते, म्हणून आम्ही शेडच्या मागे गेलो, जिथे खरकट्याचे निळे ड्रम ठेवलेले असतात.

सकाळची गाडी नुकतीच आली होती. वरचा थर नेहमीचा : पोळ्या, पुलाव, पावाचे तुकडे, रश्शात भिजलेला कांदा-लिंबू. गड्याला काठीने ढवळायला सांगितलं. खालून कोंबडीची हाडं आली, मग सॉसेजचे अर्धवट खाल्लेले तुकडे आणि सलामीची चिरलेली चकती, कडेला प्लॅस्टिकचं वेष्टन अजून चिकटलेलं. नाशिकच्या आसपास वायनरी आणि रिसॉर्ट वाढल्यापासून हा माल ड्रममध्ये येतो, पूर्वी येत नसे. हे मांस कुठल्या राज्यातलं, कुठल्या डुकराचं, हे हॉटेलच्या स्वयंपाकघरालाही माहीत नसतं. आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू गोठवलेल्या आणि खारवलेल्या मांसात महिनोन्महिने टिकतो. मॅक्रोफेजपर्यंत पोचायची त्याची सर्वांत सोपी वाट ती ही : डुकराचं उष्टं डुकराच्याच तोंडात. घशातल्या टॉन्सिलमध्ये मॅक्रोफेज वाटच पाहत असतात.

हा विषाणू उष्णतेला मात्र तग धरत नाही. ६० अंश सेल्सिअसला वीस मिनिटांत तो निष्क्रिय होतो. पण ड्रमभर खरकटं एकसारखं तापत नाही, हाडाच्या आत आणि तळाच्या गोळ्यात उष्णता उशिरा पोचते. म्हणून जागतिक प्राणी आरोग्य संघटनेचा निकष कडक आहे : ९० अंशांवर किमान एक तास, सतत ढवळत. पेशीच्या पटलावर जे अडवता आलं नाही ते भट्टीवर अडवता येतं, आणि तात्यांना परवडेल अशा पैशांत.

काय ठरलं

अमेरिकी डुकराचा विषय दोन मिनिटांत मिटला. ते पीआरआरएसपासून वाचवतं. तात्यांच्या नोंदवहीत उशिरा गर्भपाताची किंवा मेलेल्या पिल्लांची लाट कधी दिसत नाही. शिवाय भारताने २०२२ मध्ये जनुक-संपादनाला जी सूट दिली ती वनस्पतींपुरती होती, जनावरांना नाही. कुणी 'प्रतिकारक' म्हणून पिल्लं विकायला आलं तर ते खोटं बोलतंय असंच समजा, असं मी सांगितलं आणि पुतण्याकडून ते वहीत लिहून घेतलं.

भट्टी पहिल्यांदा. लोखंडी कढई, खाली लाकूड आणि उसाचं चिपाड, वर ढवळायला लांब दांडा. थर्मामीटर लांब काडीचा, कारण वरच्या वाफेचं तापमान मोजून उपयोग नाही, ते तळाशी मोजायचं. खरकटं आणायची बादली आणि उकळलेलं घालायची बादली यांचे रंग वेगळे. गावोगावच्या शेडमध्ये मी बघतो, भट्टी असते, तासभर उकळतातही, आणि मग कच्च्या खरकट्याच्या त्याच बादलीने वाढतात. रिसॉर्टवाल्यांशी डुकराचं मांस वेगळं काढून देण्याबद्दल बोलणं झालं. एकाने हो म्हटलं, एकाने सरळ नाही. नाही म्हणणाऱ्याचा माल बंद करायला तात्या तयार नाहीत. त्यांच्यातला आणि माझ्यातला हा वाद अजून उभा आहे.

वेगळ्या शेडसाठी पैसे उरत नव्हते. तोडगा तात्यांनीच काढला : शेताच्या दुसऱ्या टोकाला रिकामी कांदा चाळ. तळ उचललेला, बाजूंना पट्ट्या, वारा खेळता, वर पत्रा. पट्ट्यांना आतून जाळी आणि खाली सिमेंटचा पातळ थर दिला की महिनाभरासाठी नवे नर तिथे राहू शकतात. हा रोग वाऱ्यावर लांब जात नाही, तो बूट, गाडी, रक्त, लाळ, शेण आणि मांस यांतून जातो. अडचण जागेची नाही, माणसाची आहे. दोन्हीकडे गडी एकच. म्हणून क्रम ठरवला : आधी मोठं शेड, शेवटी चाळ, चाळीतून परत मोठ्या शेडमध्ये त्या दिवशी जायचं नाही. चाळीचे गमबूट चाळीतच.

कुंपण यंदा फक्त रस्त्याकडच्या बाजूला, जिथून मोकाट डुकरं येतात आणि जिथे व्यापाऱ्याचा पिकअप थांबतो. पिकअप कुंपणाच्या आत येणार नाही, जनावरं बाहेर नेऊन चढवायची. वजनाच्या वेळी व्यापाऱ्याने शेडमध्ये फिरायची सवय मोडणं हे मात्र कुंपणापेक्षा कठीण जातंय. व्यापारी तात्यांचा जुना स्नेही आहे, त्याला दारात उभं करणं त्यांना जड वाटतं.

एकाएकी ताप आणि मरतूक दिसली तर काय, हेही लिहून ठेवलं. जनावर शेडवर फाडायचं नाही, रक्त सांडलं की विषाणू पसरला. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना त्याच दिवशी फोन. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे असा रोग कळवणं बंधनकारक आहे. नमुने शासकीय मार्गाने जातात, पक्कं निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होतं. निदान पक्कं झालं तर एक किलोमीटरच्या परिघातली डुकरं मारली जातात, दहा किलोमीटरवर देखरेख लागते, नुकसानभरपाई मिळते. दहा किलोमीटरचा आकडा ऐकून तात्यांनी आजूबाजूच्या शेडांची नावं मोजायला सुरुवात केली, आणि पुढच्या बैठकीला त्यांतल्या दोघा मालकांना घेऊन यायचं त्यांनी स्वतःहून ठरवलं.

भट्टीची नोंद पुतण्याकडे आहे : तारीख, उकळी लागल्याची वेळ, तळाचं तापमान, उतरवल्याची वेळ. पहिल्या पानांवर तापमानाच्या रकान्यात सगळीकडे ९० लिहिलेलं आहे, एकदाही ८८ नाही की ९३ नाही. थर्मामीटर बुडवला जातो का, हे बघायला पुढच्या फेरीत मी न कळवता सकाळी लवकर जाणार आहे.